बॅग भरण्याआधीचे तीन महिने

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन हे गावही जवळपास तेवढ्याच उंचीवर वसलेलं आहे. मे महिन्यात पुण्याहून निघालेल्या कितीतरी सहली या गावाच्या आसपास मुक्काम करतात. सकाळी न्याहारी उरकून मंडळी रेल्वेत बसतात आणि दोन-अडीच तासांत युंगफ्राउयोखच्या स्टेशनात उतरतात. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. १९१२पासून ही रेल्वे डोंगराच्या पोटातून माणसांना वर नेते आहे. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. खाली बावीस अंशांचं सुखद ऊन असेल, तर वर तीन-चार अंश, आणि त्यात वारा. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतो.

लेह ३,५०० मीटरवर आहे. लेहला जायचं ठरलं, की पुण्यातला माणूस डॉक्टरांना विचारतो, गोळी घ्यायची का ते ठरवतो आणि पोचल्यावर दोन दिवस पडून राहायची मनाची तयारी करतो. युंगफ्राउयोखला जाताना मात्र तोच माणूस फक्त जॅकेट घेतो. उंचीत पन्नासेक मीटरचाही फरक नाही. फरक एवढाच, की लेहला रात्र काढायची असते आणि इथे दोन-तीन तासांत खाली यायचं असतं. धडधाकट माणसाचं त्यात फारसं बिघडत नाही. पण ज्यांची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली आहे, ज्यांना जिना चढताना दम लागतो, जे रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या घेतात, त्यांनी हा प्रश्न पुण्यात असतानाच डॉक्टरांना विचारायला हवा. तो बहुतेक वेळा विचारला जात नाही, कारण सहलीच्या कागदावर गावांची आणि हॉटेलांची नावं असतात, उंची लिहिलेली नसते.

लांबच्या सहलीची तयारी या न लिहिलेल्या उंचीपासून सुरू व्हावी, असं माझं ठाम मत आहे. बॅग अगदी शेवटी भरायची गोष्ट आहे.

मराठी माणूस जगभर फिरायला लागला, त्यात सहल-कंपन्यांचा वाटा मोठा. केसरी पाटील यांनी १९८४मध्ये ‘केसरी’ सुरू केली, २०१३मध्ये ‘वीणा वर्ल्ड’ आली, आणि पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतले आजी-आजोबा पहिल्यांदा विमानात बसले ते अशाच गटसहलींमुळे. काय घ्यायचं, कुठे काय घालायचं, कुठे हळू चालायचं हे सगळं सहलप्रमुख सांगत असे आणि अजूनही सांगतो. पण आता निम्म्या घरांत आखणी मुलं करतात. सून लॅपटॉपवर तिकिटं काढते, मुलगा हॉटेलं बघतो, आणि एकाच अठरा दिवसांच्या दौऱ्यात केर्न्सचा दमट समुद्रकिनारा, मेलबर्न आणि न्यूझीलंडच्या हिमनद्या असं सगळं बसवलं जातं. नैरोबी, मसाई मारा आणि झांझिबार. लिमा, कुस्को आणि ॲमेझॉन. तिशीतल्या शरीराला हे झेपतं. साठीपुढच्या शरीराला ते आधी सांगून ठेवावं लागतं.

म्हणून पहिलं काम वही-पेन घेऊन करायचं. प्रत्येक मुक्कामासमोर त्याची उंची लिहायची, त्या महिन्यातलं दुपारचं आणि पहाटेचं तापमान लिहायचं, पावसाचे दिवस किती ते लिहायचं, सूर्य किती वाजता मावळतो तेही. हे सगळं आज घरबसल्या मिळतं. मात्र सरासरीवर विसंबू नये, आणि त्याचं उदाहरण शोधायला पुण्याबाहेर जायची गरज नाही. शिवाजीनगरला ज्याला आपण सिमला ऑफिस म्हणतो, त्या हवामान खात्याच्या कचेरीत पुण्याच्या हवेच्या शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदी आहेत. १९२८मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं आणि १९४४मध्ये दिल्लीला गेलं, पण पुण्यातलं काम थांबलं नाही. सरासरी काढताना तीस वर्षांच्या नोंदी घेतात, सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरतात. जानेवारीतल्या पुण्याच्या पहाटेची सरासरी अकरा-बारा अंशांच्या घरात येते. पण १७ जानेवारी १९३५ला याच शहरात पारा १.७ अंशांवर उतरला होता. सरासरी वाचून सुती सदऱ्यात आलेला पाहुणा त्या दिवशी काय करणार होता? मेलबर्नला उन्हाळ्यात उत्तरेचा तापलेला वारा चाळीस अंशांपर्यंत नेतो आणि दक्षिणेचा वारा फिरला, की तासाभरात पारा पंधरा-वीस अंशांनी खाली येतो. त्या दिवसाची सरासरी अगदी साळसूद दिसेल.

आफ्रिकेच्या बाबतीत तर आपली समजूत मुळातच चुकीची असते. विषुववृत्त म्हणजे उकाडा, हे शाळेच्या भूगोलातून डोक्यात बसलेलं असतं. नैरोबी विषुववृत्ताच्या जरा खाली आहे, पण १,७९५ मीटरवर. म्हणजे महाबळेश्वरच्याही चारशे मीटर वर. मसाई माराचं गवताळ पठारही दीड हजार मीटरच्या वर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये लाखो वाइल्डबीस्ट तिथे स्थलांतर करून येतात आणि पुण्याचे पर्यटकही त्याच वेळी पोचतात. तेव्हा तिथे वर्षातला थंड काळ असतो. पहाटे साडेसहाला टप उघडलेल्या जीपमध्ये उभं राहायचं, गाडी चालू, समोरून वारा, हवा अकरा-बारा अंश. फिकट रंगाचे सुती शर्ट आणि उन्हाची टोपी एवढ्याच तयारीने गेलेली माणसं पहिल्या सकाळी हॉटेलची चादर पांघरून सिंह बघतात. मग चार दिवसांनी झांझिबारला उतरतात आणि तिथे समुद्राची चिकट हवा भेटते. दक्षिण आफ्रिकेतही जून-जुलै हा हिवाळा. जोहान्सबर्ग उंच पठारावर आहे, रात्री चार-पाच अंश. केप टाउनला तर पाऊसच हिवाळ्यात पडतो, आणि टेबल माउंटनची केबलकार वाऱ्यापायी बंद राहू शकते. तिथे मोकळा एखादा दिवस हाताशी ठेवणं ही तयारीच आहे.

न्यूझीलंडचं उलटं. आपल्या डिसेंबरात तिथे उन्हाळा, म्हणून लोक हलके कपडे घेतात. क्वीन्सटाउनला दुपारी वीस-बावीस अंश असतात खरे, पण रात्री आठ-नऊ. आणि मिलफर्ड साउंडला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरलाही साधारण तितकाच पडतो, पण तो जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने आकाश मोकळं असतं. आपल्या अंगवळणी पडलेली ही पावसाळ्याची शिस्त मिलफर्डला लागू नाही. तिथे बाराही महिने पाऊस येतो. अंगावर खरा जलरोधक कोट हवा, छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही.

कपड्यांचा विचार करताना मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. एप्रिल १८८३मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकायला लागल्या. अंगावर नऊवारी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, आणि पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत ते चालण्यासारखं नव्हतं. त्यांनी पाय घोट्यापर्यंत झाकतील अशी गुजराती धाटणीची साडी नेसायला सुरुवात केली. आज ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. तेव्हा परदेशगमनच निषिद्ध मानणारा समाज मागे होता, आणि पोशाखातला प्रत्येक बदल ‘बाटली’ या आरोपाला निमंत्रण देणारा होता. त्यांनी शरीराची गरज ओळखली, वेशाची मर्यादाही राखली आणि मधला मार्ग शोधला. राहण्याची खोली मात्र त्यांच्या हातात नव्हती. ती थंड होती आणि तिच्या शेगडीचा धूर खोलीतच कोंडायचा. मार्च १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा बाविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. आपण पंधरा दिवस हौसेने जातो, परतीचं तिकीट खिशात असतं, आणि विचारायला डॉक्टर असतो. त्या मुलीकडे यातलं काहीच नव्हतं. असं असताना आपण तयारीविना निघावं, हे मला पटत नाही.

थंडीच्या कपड्यांबद्दल पुण्यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते एका जाडजूड जॅकेटवर. ते महाग असतं, अर्धी बॅग अडवतं आणि दिवसातले दोन-तीन तासच अंगावर राहतं. बस गरम, हॉटेल गरम, दुकान गरम, बाहेर शून्य. दिवसातून दहा वेळा काढायचं आणि घालायचं. त्याऐवजी तीन थर करावेत. अंगालगत पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, त्यावर फ्लीसचं किंवा पिसांचं हलकं जॅकेट, आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारं पातळ कवच. मधलं आणि वरचं दोन्ही पुढून चेनचं असावं. डोक्यावरून काढायचा स्वेटर बसच्या अरुंद सीटवर काढताना खांदा दुखावतो, हे साठीपुढच्या कुणालाही विचारून बघा.

अंगालगत सुती बनियन नको, असं सांगितलं की लोकांना पटत नाही, कारण आपल्या हवेत सुतीइतकं सुखाचं दुसरं काही नाही. घरीच करून बघण्यासारखं आहे. रात्री एक सुती बनियन आणि एक खेळाचा पॉलिएस्टर टी-शर्ट भिजवा, सारख्याच जोराने पिळा आणि गॅलरीतल्या दोरीवर शेजारी शेजारी टाका. सकाळी टी-शर्ट वाळलेला असेल. बनियन हाताला गार लागेल आणि काखेतल्या शिवणींवर बोट दाबलं तर ओल जाणवेल. केबलकार गाठायला धावताना आलेला घाम वर पोचल्यावर तसाच अंगावर राहतो आणि वाऱ्यात तोच माणसाला गारठवतो. शिवाय थर्मलचे दोन जोड रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात धुऊन टाकले, की सकाळी तयार. त्यामुळे कपड्यांची संख्या निम्म्याने उतरते. सुती कपडे घ्यावेतच, पण ते केर्न्ससाठी आणि झांझिबारसाठी.

साडीशिवाय जमत नाही, अशा बायका आजही आहेत आणि त्यांनी संकोच करायचं काही कारण नाही. परकराखाली जाड थर्मल लेगिंग, पायात घोट्यापर्यंतचा बूट, ब्लाऊजवर पूर्ण बाह्यांचं थर्मल आणि त्यावर जॅकेट, पदर जॅकेटच्या आत. फक्त ज्या दिवशी बर्फात चालायचं आहे, त्या दिवशी सलवार किंवा पँट घालावी. साडीचा काठ बर्फ झाडत जातो, त्याचं पाणी होतं आणि ते निऱ्यांमधून वर चढतं. हातमोजे दोन घ्यावेत, आतून पातळ आणि बाहेरून जाड, म्हणजे फोटो काढताना हात उघडा पडत नाही. कानटोपी मात्र आपली नेहमीची लोकरीची चालते. उत्तर फिनलंडसारख्या उणे वीस अंशांच्या ठिकाणी जाणार असाल तर तिथले सफारीवाले अंगभर सूट आणि बूट भाड्याने किंवा सहलीच्या पैशातच देतात. निघण्याआधी विचारून घ्यावं आणि एवढ्यासाठी इथे खरेदी करू नये. त्या थंडीत मोबाइलची बॅटरी बघता बघता उतरते. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत. ती मोठ्या बॅगेत टाकायला विमान कंपन्यांची मनाई आहे.

आता शरीर. विमान अकरा-बारा हजार मीटरवर उडतं, पण आतला हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरचं. म्हणजे मुंबईहून लंडनला जाणारा माणूस नऊ-दहा तास कळसूबाईच्याही वर बसून काढतो, तेही पाय लोंबकळत ठेवून आणि वाळवंटासारख्या कोरड्या हवेत. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालावं. पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका चार तासांहून लांबच्या प्रवासात दुपटीच्या आसपास जातो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालात आहे. त्याच अहवालाप्रमाणे प्रत्यक्ष प्रमाण सहा हजारांत एक असल्याने घाबरायचं कारण नाही. पण आधी कधी गुठळी झालेली, नुकतं ऑपरेशन झालेलं किंवा कॅन्सरचे उपचार चालू असलेलं कुणी असेल, तर दाबाचे मोजे घालायचे का ते डॉक्टरच सांगू शकतील. बाकीच्यांनी दर तास-दीड तासाने उठून मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फेरी मारावी, बसल्या जागी टाचा-चवडे हलवावेत, पाणी प्यावं.

युरोपातला एक दिवस म्हणजे सहज दहा-पंधरा हजार पावलं, तीही दगडी फरसबंदीवरून, आणि जुन्या स्टेशनांत बॅग उचलून जिने. पुणेकरांना याच्या सरावासाठी जिमची गरज नाही. तीन महिने आधी पर्वतीच्या पायऱ्या सुरू कराव्यात, आठवड्यातून तीनदा. उतरताना गुडघा दुखतो का ते बघावं, चढताना दुखण्यापेक्षा ते महत्त्वाचं. महिन्याने वेताळ टेकडी, पाषाणच्या बाजूने चढून चतुःशृंगीकडे उतरायचं. ज्यांना जमेल त्यांनी शेवटच्या महिन्यात एकदा आतकरवाडीहून सिंहगड. सिंहगड बोलत बोलत चढता आला तर मिलफर्डच्या वाटा आणि माचू पिचूच्या पायऱ्या जमतील. पाठीवर सहलीत असेल तेवढं ओझं घ्यावं आणि पायात सहलीत घालायचे तेच बूट. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालून मापावेत, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी. कोरे बूट घालून विमानतळावर जाणं म्हणजे तिसऱ्या दिवशी टाचेला फोड.

न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी मात्र हे बूट निघण्याआधी ब्रशने घासून, तळव्याच्या खाचांतून माती काढून, धुऊन वाळवून न्यावेत. तिथले जैवसुरक्षा अधिकारी माती लागलेले बूट तपासतात. सिंहगडाची चिमूटभर मातीही त्यांच्या शेतीसाठी धोक्याची असू शकते आणि त्यांची ही काळजी रास्त आहे.

उंच ठिकाणी रात्री काढायच्या असतील तर आखणीच बदलावी. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. पेरूत कुस्को ३,४०० मीटरवर आहे आणि ज्याच्यासाठी जायचं ते माचू पिचू २,४३० मीटरवर, म्हणजे हजार मीटर खाली. लिमाहून कुस्कोला विमानाने उतरल्या उतरल्या तिथेच राहण्यापेक्षा सरळ खालच्या दरीत जाऊन दोन रात्री काढाव्यात आणि कुस्को परतताना बघावं. पैसे तेवढेच लागतात. लेहला ही सोय नाही, तिथे विश्रांती हाच उपाय. डायमॉक्सची गोळी उपयोगी पडते, पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना चालेलच असं नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

नेहमीच्या औषधांचं एक पत्रक डॉक्टरांकडून टाइप करून, सही-शिक्क्यानिशी घ्यावं, आणि त्यात कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव असावं. पुण्यातल्या दुकानात मिळणारा ब्रँड ऑकलंडचा फार्मासिस्ट ओळखणार नाही, मूळ नाव ओळखेल. औषधांचे दोन वाटे करावेत, दोन वेगळ्या बॅगांत, आणि सगळी औषधं मूळ पाकिटातच न्यावीत. इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत. इथून न्यूझीलंड उन्हाळ्यात साडेसात तास पुढे असतं, न्यूयॉर्क साडेनऊ तास मागे. त्या दिवसाचा इन्सुलिनचा हिशोब मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. काही देशांत आपली साधी औषधंही चालत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन असलेलं खोकल्याचं औषध परवानगीशिवाय नेणं गुन्हा आहे.

केनिया, टांझानिया, ब्राझील, पेरू यांपैकी कुठे जाणार असाल तर पीतज्वराच्या लशीची चौकशी सगळ्यांत आधी करावी. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघरी आहे, म्हणून आपलं सरकार याबाबत कडक आहे. पीतज्वर असलेल्या देशातून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ती सोय आहे. ठरलेल्या दिवशीच टोचतात, आधी नाव नोंदवावं लागतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. साठीपुढच्यांना या लशीचे दुष्परिणाम क्वचित गंभीर होऊ शकतात, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ती देत नाहीत. म्हणजे आजोबांना लस द्यायची की नाही, या एका उत्तरावर सगळ्या घराचा केनिया-दौरा अवलंबून असू शकतो. तिकिटं काढण्याआधी हे उत्तर हातात हवं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही जाण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही ठरलेले दिवस चालू ठेवाव्या लागतात. अर्ध्यावर सोडल्या तर घेतल्याचा उपयोग नाही.

दिवाळीनंतर निघणाऱ्यांच्या बॅगेत फराळ असतोच. लेकीकडे जाताना रिकाम्या हाताने जाणारी आई मी पाहिलेली नाही, आणि तसं सांगायची माझी इच्छाही नाही. पण देशाप्रमाणे डबा बदलावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उतरण्याआधी भरायच्या कार्डावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करावा. चकली, शंकरपाळे, बाकरवडी, भाजणी, मेतकूट, सगळं. जाहीर केलेला पदार्थ चालत नसेल तर ते काढून घेतात, दंड होत नाही. लपवलेला किंवा विसरलेला सापडला तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड, मग ते हातातल्या बॅगेतलं एक सफरचंद का असेना. दुधाचे पेढे-बर्फी, कच्चं धान्य, बिया, ताजी कढीपत्त्याची पानं घरीच ठेवावीत. घरचं लोणचं डब्यात नेण्यापेक्षा छापील लेबलाचं, बंद पाकिटातलं न्यावं, अधिकाऱ्याला घटक वाचता येतात. आणि दुबईला जाणाऱ्यांनी अनारसे नेऊच नयेत. अनारशावर खसखस असते, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. सणाचा गोड पदार्थ पोलिसांसमोर नेऊन ठेवेल, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

कागदपत्रांचं सगळ्यांना माहीत असतं. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरलेली असावी; शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना मात्र एक मोह टाळावा. हप्ता वाढेल म्हणून रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी लपवली जाते. परदेशात छातीत दुखून दाखल व्हावं लागलं, की विमा कंपनी पुण्यातल्या डॉक्टरांचे जुने कागद मागवते आणि दावा नाकारते. तिकडचं एका रात्रीचं बिल इकडच्या वर्षाच्या पेन्शनहून मोठं असू शकतं. आजार लिहावा, हप्ता भरावा.

लोहगावहून थेट जाता येतील असे देश मोजकेच, त्यामुळे लांबच्या दौऱ्याची पहिली रात्र बहुतेकदा द्रुतगती मार्गावर जाते. पहाटे तीनच्या विमानासाठी संध्याकाळी पाचला घर सोडायचं, घाटात कोंडी होणार हे धरूनच. म्हणजे विमानात बसेपर्यंत शरीर आधीच दहा तास शिणलेलं. ज्येष्ठांना परवडत असेल तर आदल्या दिवशी मुंबईत जाऊन झोपवावं, तेवढ्या खर्चाइतकं मोल दुसऱ्या कुठल्याच सोयीत नाही. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं आणि पूर्वेकडे जाताना जास्त कुरकुरतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जायचं असेल तर आठवडाभर आधीपासून रोज थोडं लवकर झोपून लवकर उठावं, आणि पोचल्यावर पहिले दोन दिवस सकाळच्या उन्हात चालावं. पहिल्याच दिवशी हेलिकॉप्टर किंवा लांबचा बसप्रवास ठेवू नये.

तयारीचा एक भाग परतल्यानंतरचा आहे. आफ्रिकेतून आलेला मलेरिया डास चावल्यावर आठवड्याभराने दिसतो, कधी काही महिन्यांनीही. पुण्यात पावसाळ्यानंतर ताप म्हटला की डॉक्टर पहिला विचार डेंग्यूचा आणि चिकुनगुनियाचा करतात, आणि ते बरोबरच आहे. पण फाल्सिपेरम मलेरिया दोन दिवसांत जिवावर बेतू शकतो. म्हणून परतल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला, तर दवाखान्याच्या खुर्चीत बसताच, डोकं किती दुखतंय ते सांगण्याच्याही आधी, डॉक्टरांना सांगावं: मी अमुक महिन्यात केनियात होतो, गोळ्या इतके दिवस घेतल्या, रक्त आजच तपासा.